सुटकेच्या अर्जाची फी

६ मार्च

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते फोडशील की न फोडताच कपाटात टाकशील, सांगता येत नाही. फोडलंच असशील तर आता शेवटपर्यंत वाच.

निकालाच्या दिवसापासून आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. दोन वर्षं दोन महिने झाले. तुझं रागावणं बरोबरच होतं. लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर मी सही केली, पण वर चढून दोर बघितला नाही, आणि त्या लिफ्टमध्ये एक माणूस गेला. तीन वर्षांची शिक्षा झाली. ती मला तेव्हा मान्य होती, आजही आहे.

पण ताई, ती तीन वर्षं संपली. मला अटक झाली ती फेब्रुवारीच्या दोन तारखेला. निकाल लागेपर्यंतचे अकरा महिने मी शहरातल्या जुन्या तुरुंगात होतो, नंतर इथे. दोन्ही मिळून यंदाच्या दोन फेब्रुवारीला तीन वर्षं भरली. इथलं ऑफिस म्हणतं की आधीचे अकरा महिने आमच्या रजिस्टरात नाहीत, तुला जानेवारीत सोडू. म्हणजे अजून दहा महिने!

माझ्या शेजारच्या खाटेवर एक मास्तर आहेत. बाहेर भूगोल शिकवायचे, इथे सगळ्यांचे अर्ज लिहून देतात. ते म्हणाले, कोर्टाकडे सुटकेचा अर्ज कर. त्यात आपण निर्दोष आहोत वगैरे काही म्हणायचं नसतं. मला धरून ठेवायचा अधिकार यांना अजून उरलाय का, एवढंच कोर्टाला विचारायचं. मी विचारलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, वर निळा शिक्का: ‘फी अपुरी. दाखल करण्यायोग्य नाही.’

तू तीस वर्षं त्याच कोर्टाच्या इमारतीत काढलीस. या शिक्क्याचं काय करायचं असतं, तेवढं सांग. पैसे मागत नाहीये. भेटायलाही येऊ नकोस. काचेपलीकडून फोनवर बोलायचं मला जमत नाही. पत्रच लिही.

तुझा,
बारक्या

१३ मार्च

बारक्या,

पाकीट फोडलं. कपाटात जागा नाही.

मी गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले, तेव्हा इमारतीतली सध्याची खबर मला नसते. पण शिक्क्याचा अर्थ सांगते. अर्जाला फी लागते. ती परवडत नसेल तर फी माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. त्याचा छापील नमुना तुझ्या तुरुंगाच्या ऑफिसात मिळेल. ‘नाही’ म्हणाले तर पुन्हा माग. असतो, पण खालच्या कप्प्यात असतो. त्याला तुझ्या तुरुंगातल्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा जोड. उताऱ्यावर हिशेबनिसाची सही आणि गोल शिक्का, दोन्ही हवेत. नुसती सही चालत नाही. डाव्या बाजूला तीन बोटं समास सोड. खाडाखोड केलीस तर प्रत्येक ठिकाणी सही कर. एकही रकाना मोकळा ठेवू नकोस, लागू नसेल तिथे ‘लागू नाही’ असं लिही.

माझं बरं चाललंय. डावा गुडघा कुरकुरतो. घरात मी आणि रेडिओ, दोघंच. त्यातला बोलतो तो रेडिओ.

सही करण्यापूर्वी कागद नीट वाच.

ताई

४ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं शेवटचं वाक्य मी जपून ठेवलंय. टोमणा असला तरी तुझा आहे.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. समास तर इतका सरळ सोडला की मास्तर म्हणाले, ‘तुमची बहीण शाळेत असती तर मी नोकरी सोडली असती.’ गोल शिक्क्यासाठी हिशेबनिसाकडे चार खेपा घातल्या. शिक्का होता, शाई नव्हती.

आणि अर्ज पुन्हा परत आला.

कारण ऐक. ज्याच्या खात्यात दोन महिन्यांच्या मजुरीपेक्षा जास्त रक्कम नाही, त्यालाच फी माफ होते. मी इथे बाइंडिंगच्या खोलीत पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवतो, त्याची मजुरी तुला काय सांगू! पण माझ्या खात्यात साडेतीन महिन्यांची मजुरी निघाली. दर महिन्याच्या पाच तारखेला बाहेरून कुणीतरी पैसे भरतं. पाठवणाऱ्याचं नाव आम्हाला दाखवत नाहीत. मला साबण, पाकिटं, तिकिटं यांना पुरून वर थोडे उरतात, ते साठत गेले. म्हणून माफी नाही. मग फी भरावी म्हटलं, तर फी आहे एकोणीस महिन्यांच्या मजुरीइतकी. म्हणजे माफी मागायला मी श्रीमंत आणि फी भरायला भिकारी. मास्तर हसून हसून खाटेवर आडवे झाले. मीही हसलो, पण उशिरा.

पैसे पाठवणारे आमचे उस्ताद असणार. मला लिफ्टचं काम शिकवलं ते. मागच्या वर्षी मी त्यांना आभाराचं पत्र टाकलं, तर त्यांचं उत्तर आलं, ‘त्यात काय एवढं.’ मोठा माणूस. आता त्यांना ‘कृपा करून मला मदत करणं थांबवा’ असं कुठल्या तोंडाने लिहू? काहीतरी सुचव.

तुझा,
बारक्या

१० एप्रिल

बारक्या,

तुझे उस्ताद कसले मोठे! फुकटचे आभार घेऊन बसलेत. त्यांनी एक छदामही पाठवलेला नाही.

पैसे मी पाठवते. निकालानंतरच्या पहिल्या पाच तारखेपासून.

आता यावर पानभर गहिवरून लिहू नकोस. मला तुझा राग होता, अजूनही आहे. तू लहानपणापासून घाईचा. नाडी न सोडता बूट काढणारा. त्या माणसाची बायको निकालाच्या दिवशी माझ्या खिडकीसमोरून गेली, तिच्या कडेवरचं मूल झोपलं होतं. तुला पत्र लिहायला बसले की तेच दिसायचं, आणि पेन खाली ठेवायचे. पण तू साबणावाचून राहावंस असंही वाटेना. म्हणून पैसे पाठवले आणि पत्र पाठवलं नाही. यात काही तर्क नाही, मला ठाऊक आहे. नाव दिसत नाही हेही ठाऊक होतं, ते बरंच वाटलं.

आणि त्याच पैशांनी तुझी वाट अडवली! तीस वर्षं खिडकीवर बसले, पण कुणाच्या भल्यासाठी पाठवलेली रक्कम त्याच्याच अंगावर येते, हे एकदाही मनात आलं नाही. उताऱ्याच्या खालचा आकडा बघायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच.

आता माफीबिफी सोड. पूर्ण फी मी भरते. पेन्शनीतून थोडं बाजूला टाकलेलं आहे, ते कशासाठी टाकलंय ते माझं मलाच आठवत नाही. पुढच्या सोमवारी कोर्टात जाते. तुझा मूळ अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने मला पाठव.

ताई

१६ एप्रिल

ताई,

गहिवरू नकोस म्हणालीस म्हणून गहिवरत नाही. तुझं पत्र मास्तरांना वाचून दाखवायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबलो. मग त्यांनीच पुढचं वाचलं, मनात.

अर्ज सोबत आहे. फी भर. बाहेर आल्यावर फेडीन, आणि तू ‘नको’ म्हणालीस तरी फेडीन. अभिमान धरून इथे दहा महिने बसण्यात अर्थ नाही, एवढं शहाणपण मला इथे आलंय.

एक गंमत सांगतो. मास्तरांच्या ट्रंकेत नऊ जणांचे असेच परत आलेले अर्ज आहेत, सगळ्यांवर तोच निळा शिक्का. त्यातले दोघं सुटून गेले, मुदत पुरी भरून. बाकीच्यांनी नाद सोडला. इथे म्हणतात, त्या खिडकीवर आधी एक खवट बाई बसायची, ती कागदाचा नुसता वास घेऊन परत करायची! तुला माहीत असेल ती. तू तर जमिनींच्या दाव्यांच्या खिडकीवर होतीस ना? आईला तू तसंच सांगितलेलं आठवतं.

गुडघा गरम पाण्याने शेक. जिना चढताना घाई करू नकोस.

तुझा,
बारक्या

२५ एप्रिल

बारक्या,

तुझा अर्ज दाखल झाला. सुनावणी बावीस मे, सकाळी साडेदहा. तुला पोलीस गाडीतून आणतील. अर्जाची एक प्रत जवळ ठेव. शर्ट धुतलेला घाल.

फी भरावी लागली नाही. कशी, ते विचारू नकोस. मास्तरांना सांग, ते नऊ अर्ज फाडू नका.

ताई

१ मे

ताई,

पत्र मिळालं तेव्हा मी बाइंडिंगच्या खोलीत होतो. आनंदाने हातातला ब्रश शेजाऱ्याच्या शर्टला लागला. पण बराकीत येऊन पुन्हा वाचलं आणि ‘कशी, ते विचारू नकोस’ या ओळीवर अडलो.

मार्चपासून दोनदा परत आलेला अर्ज एका सोमवारी फीशिवाय कसा दाखल होतो? ओळख लावलीस का? साहेबांकडे शब्द टाकलास? जुन्या नोकरीचा मान म्हणून कुणी डोळे झाकले? मला खरं सांग. ‘विचारू नकोस’ हे तू फक्त आईची बरणी फोडलीस तेव्हा म्हणाली होतीस.

रागावू नकोस, पण मी आता कुणाच्या डोळेझाकीवर बाहेर येणार नाही. एकदा मी स्वतः डोळे झाकले होते. फी असेल तर भर, नसेल तर ती का नाही ते मला सांग. आणि मला नसेल तर त्या नऊ जणांना का होती, हे मास्तर विचारतायत. ते हळू आवाजात विचारतात, म्हणून टाळता येत नाही.

तुझा,
बारक्या

७ मे

बारक्या,

तीन दिवस तुझं पत्र टेबलावर होतं. आज सकाळी भांडी घासली, पडदे धुतले, रेडिओ पुसला. आता घरात काम उरलं नाही, म्हणून लिहिते.

मी जमिनींच्या खिडकीवर फक्त पहिली चार वर्षं होते. नंतर खिडकी नंबर तीन. वकील नसलेल्या लोकांचे अर्ज तिथे येतात. तुरुंगातून येणारे सगळे तिथेच. ती खवट बाई मी. आईला बदलीचं सांगितलं नाही, कारण तिला कैद्यांची भीती वाटायची. त्यांच्या कागदांचीही वाटली असती.

आता सोमवारचं. पैसे रुमालात बांधून गेले. खिडकीवर मी शिकवलेली मुलगी बसते. जाड चष्मा, कामाला चोख. मला बघून उठून उभी राहिली. मी म्हटलं, ‘बस. फी भरायचीय.’ तुझा अर्ज आणि नोटा काचेखालून सरकवल्या. तिने अर्ज बघितला, आडनाव बघितलं. पावती पुस्तक काढलं. मग हळूच म्हणाली, ‘ताई, एक विचारू? सुटकेच्या अर्जाला एवढी फी कशी असेल? वकील लोक आणतात तेव्हा ते इतकी भरत नाहीत. मला नेहमी वाटतं, पण तुमची नोट आहे म्हणून…’

‘कसली नोट?’

तिने काचेच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. पिवळा पडलेला कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. अक्षर माझं. ‘वकिलाशिवाय आलेले सर्व अर्ज: सर्वसाधारण दाव्याच्या दराने फी घ्यावी.’ खाली सही आणि तारीख. बारा वर्षांपूर्वीची.

मी म्हटलं, ‘बरोबरच आहे. दरपत्रकात तसंच आहे. आण.’ तिने जुनं दरपत्रक आणलं, दोन पानांचं. पहिल्या पानाच्या तळाशी मी लिहिलंय तसंच आहे. आणि शेवटी एक चांदणी. चांदणीची टीप मागच्या पानावर. तिथे लिहिलंय की अटकेत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाने सुटकेसाठी केलेला अर्ज वेगळा मानावा; त्याची फी पोस्टाच्या एका पाकिटाइतकी; आणि त्याला दुसरं उत्पन्न नाही असा तुरुंगाचा दाखला किंवा खात्याचा उतारा असेल तर तीही नाही. बाहेरच्या माणसांनी पाठवलेले पैसे उत्पन्नात धरू नयेत, हेही तिथेच.

बारक्या, मी पान उलटलं नव्हतं.

ते पत्रक आलं त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. घाईत पहिलं पान वाचलं, नोट लिहिली, काचेला चिकटवली, आणि अकरा वर्षं तिच्याकडे बघून शिक्के मारले. वकिलांना टीप माहीत होती, ते बरोबर फी भरायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्याकडे वकील नाही त्यांनीच माझी नोट खरी मानली.

मुलीने आतून स्टूल आणून दिलं. मग मी वर रजिस्ट्रारांकडे गेले. सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, ‘ताई, तुम्ही निवृत्त झालात. नोट काढून टाकू, पुढचे अर्ज नीट घेऊ. गाजावाजा कशाला?’

मी म्हटलं, ‘आणि मागचे?’

‘मागचे आता कुठे शोधणार?’

‘परत पाठवलेल्यांची वही असते. मीच लिहिलीय.’

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, ‘हे सगळं तुम्ही लेखी द्याल?’

‘लेखीच देते,’ मी म्हटलं. ‘जन्मभर दुसऱ्यांकडून लेखीच मागत आले.’

तिथेच बसून लिहून दिलं. तुझा अर्ज त्या दिवशी आलेल्या आणखी दोन अर्जांबरोबर नियमाप्रमाणे दाखल झाला. ओळख लावलेली नाही. तुझ्या फीचे पैसे रुमालात तसेच घरी आले.

तू दोर बघितला नाहीस म्हणून मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही. आता माझ्याशी तू बोलायचं की नाही, ते तू ठरव.

ताई

१४ मे

ताई,

मी ठरवायला किती वेळ घेतला असेल? जेवणाची घंटा होईपर्यंत. म्हणजे साधारण दहा मिनिटं. उत्तर उशिरा जातंय ते पाकिटं संपली म्हणून. तुझ्या पैशांची वाट बघत होतो, आणि तू पाच तारखेला विसरलीस!

तुझं पत्र मी मास्तरांना पूर्ण दिलं. तुला न विचारता दिलं, कारण त्यांच्या ट्रंकेतल्या लोकांना कळायला हवं होतं. त्यांनी ते वाचलं. ट्रंक उघडली, सात अर्ज खाटेवर मांडले आणि नव्या कोऱ्या कागदावर पहिला उतरवायला बसले. दोन ओळी झाल्यावर म्हणाले, ‘तुमच्या ताईंना सांगा, शिक्का मारणाऱ्या माणसाने चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा बघितली.’ बाकीच्यांपैकी एकाने तुला शिव्या दिल्या. त्याचे तेरा महिने गेलेत. मी त्याला गप्प केलं नाही. तो देऊ शकतो. नंतर तोच मास्तरांना शाई आणून देत होता.

आता माझं ऐक. आपण दोघं एकाच घरात वाढलो, एकसारखेच घाईचे निघालो, फक्त तुझी घाई नीटनेटक्या अक्षरात होती. पण एक फरक आहे, तो मला रोज सकाळी आठवतो. माझ्या चुकीतला माणूस आता कुणाच्याच पत्राने परत येणार नाही. तुझ्या चुकीतली माणसं अजून आहेत. त्यांचे पत्ते तुझ्या वहीत आहेत. मला जर अशी वही मिळाली असती ना ताई, तर मी अनवाणी धावलो असतो.

तेव्हा पडदे धुणं पुरे. रजिस्ट्रारांकडून ती वही माग.

शर्ट धुतलाय. कॉलर जरा विरलीय, पण आतून दुमडली की दिसत नाही.

तुझा,
बारक्या

२३ मे

ताई,

काल तू मागच्या बाकावर होतीस, सगळं ऐकलंस. तरी लिहितो, कारण तू रुमाल डोळ्यांना लावून बसली होतीस, तेव्हा अर्धं निसटलं असेल.

न्यायाधीशबाईंनी आधी विचारलं, ‘हा अर्ज कुणी लिहिला?’ मी म्हटलं, ‘मी लिहिला. शुद्धलेखन मास्तरांनी तपासलं, समास बहिणीने शिकवला.’ त्या चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, ‘समास चांगला आहे.’ तिथे माझी निम्मी भीती गेली.

मग सरकारी वकील उठले. ते अकरा महिने वेगळ्या तुरुंगातले, त्याचं रजिस्टर आमच्याकडे नाही, असं म्हणाले.

‘तिथे होता तो माणूस हाच ना?’ बाईंनी विचारलं.

‘हो, हाच.’

‘मग दिवसही त्याचेच.’

बस, एवढंच! साडेतीन महिने मी जास्त काढले आणि निकाल लागला तो चहा गार व्हायच्या आत. सोमवारी कागद येतील, मंगळवारी सकाळी सोडतील. दोन बस बदलून यायचं आहे, संध्याकाळ होईल. तू जिना उतरून खाली थांबू नकोस.

मास्तरांची शिक्षा अजून सहा वर्षं आहे. त्यांना आज सांगितलं तर म्हणाले, ‘छान. आता शेजारी घोरणारं कोण येतंय बघू.’ आणि मग पाठ करून झोपून राहिले. त्यांना पत्र लिहायचं आहे, तूही लिही. त्यांना जगाचा एक नकाशा हवाय. घडीचा, कापडी नको.

तुझा,
बारक्या

९ ऑगस्ट

बारक्या,

तू जाऊन महिना झाला आणि घर पुन्हा शांत झालं. तू होतास तेव्हा रोज म्हणायचे, किती बडबडतो हा. आता रेडिओचा आवाज वाढवते. तुझं पंपदुरुस्तीचं काम जमतंय हे वाचून बरं वाटलं. प्रत्येक पंप उघडून बघतोस आणि म्हणून मालक कटकट करतो, असं लिहिलंस. करू दे त्याला. तू उघडूनच बघ. खोलीला खिडकी आहे म्हणालास, तर पडद्याचं माप पाठव.

आता इकडचं. वहीत बारा वर्षांतली दोनशे चौदा नावं निघाली. खिडकीवरची चष्मेवाली मुलगी आणि मी मिळून तुरुंगांना पत्रं लिहिली. बहुतेक मुदत भरून गेले. पाच जण वारले. ती पाच नावं मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवली आहेत. का, ते सांगता येत नाही; पण ठेवली आहेत. सदतीस जण अजून आत होते. त्यांना नवे नमुने पाठवले, सोबत दरपत्रक, मागचं पान वर ठेवून. रजिस्ट्रारांनी मला बाहेरच्या बाकावर बसायची परवानगी दिलीय, मंगळवारी आणि शुक्रवारी. अर्ज कसा भरायचा ते नातेवाइकांना सांगते. पगार नाही, चहा मिळतो.

परवाच्या शुक्रवारी सदतिसांतली पहिली सुटका झाली. शिवणकाम करणारी एक बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. दोन शिक्षा एकाच वेळी भोगायच्या होत्या, तुरुंगाने एकीपुढे एक लावल्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिने अर्ज केला होता. परत केल्याची नोंद वहीत माझ्या हातची आहे. मी निवृत्त होण्याआधी तीन महिने.

न्यायाधीशबाईंनी तिला कोर्टातूनच सोडलं. ती बाहेर आली, हातात एक कापडी पिशवी. न्यायला कुणी नव्हतं. बाक बघून शेजारी बसली आणि म्हणाली, ‘आत शिपाई सांगत होता, इथे एक बाई बसतात, त्यांनी माझा अर्ज भरून पाठवला. तुम्हीच का?’

‘हो’ म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. जिभेवर आलं होतं, बारक्या. पण म्हटलं, ‘नमुना मी पाठवला. पण गेल्या वर्षीचा तुमचा अर्ज परत केला तोही मीच. नियम नीट वाचला नव्हता. तुमचं वर्ष दीड वर्ष माझ्यामुळे गेलं.’

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. तिने पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मला वाटलं, आता उठून जाईल, किंवा काहीतरी बोलेल, आणि बोललीच तर ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं.

‘माझी मुलगी या वर्षात दहावी झाली,’ ती म्हणाली. ‘मी नव्हते.’

मी मान हलवली.

मग ती उठली. दोन पायऱ्या उतरली, रस्त्याकडे बघितलं आणि तिथेच थांबली. तुला आठवतो ना समोरचा रस्ता? आता तर चार पदरी केलाय. मोटारी, बस, दुचाक्या, एकालाही दम नाही. ती पाय पुढे टाकायची, मागे घ्यायची. तीनदा झालं तसं. शेवटी वळून मला म्हणाली, ‘अहो बाई, बसून काय राहिलात? मला रस्ता ओलांडून द्या. चार वर्षांत गाड्या फार वाढल्यात.’

मी काठी बाकावरच विसरले. तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मधल्या पट्टीवर जरा थांबलो. ती म्हणाली, ‘तुमचा पाय दुखतोय वाटतं?’ मी म्हटलं, ‘गुडघा.’ ‘मग हळू चला,’ ती म्हणाली, ‘मला आता कुठे घाई आहे?’

पलीकडे पोचल्यावरही तिने हात सोडला नाही. बसथांब्यापर्यंत आम्ही तशाच गेलो.

ताई